शेवटचा घाणा

"मोडला का?"

भिंतीतल्या खिडकीतून आवाज आला आणि आवाजापाठोपाठ भट्टीची धग आली.

"मोडतोय," पंच म्हणाले. "पोलाद आहे बाई, बिस्कीट नव्हे."

"मग आटपा की. मुलगा फाटकाशी येऊन बसलाय. सामान गाडीत चढलं. चढायची राहिलेय ती फक्त मी."

पंचांनी खाच पाडलेला बोटभर तुकडा ऐरणीच्या दोन दातांमध्ये बसवला, बाजूला सरले आणि खटका ओढला. वर टांगलेला घण झोक्यासारखा खाली आला आणि तुकड्याला घेऊन पलीकडे गेला. चांगलं पोलाद मोडताना फारसा आरडाओरडा करत नाही. 'थड' झालं, बस. पंचांनी दोन्ही अर्धी उचलली, दाराच्या उजेडात नेली, चष्मा कपाळावर चढवला आणि मोडलेल्या तोंडाकडे पाहिलं.

पारव्याच्या पाठीसारखा राखाडी रंग. मऊ, एकजीव. डोळ्यांत भरावा असा एकही दाणा नाही. इतका बारीक रवा, की नुसतं बघूनच बोटांना मखमल लागल्यासारखी वाटावी.

पंचांनी दुसरं अर्धंही उलटून पाहिलं.

"काय हो पंच? उभ्या उभ्या डोळा लागला का?"

पंच हे काही त्यांचं नाव नव्हे. नाव होतं, पण कुणी त्या नावाने हाक मारली तर ते स्वतःच मागे वळून बघत, कुणाला बोलावतायत म्हणून. कारखाना क्रेनच्या हुकांचा. हूक भट्टीत जात, नारिंगी होत, मग तेलात बुडत, मग त्यांचा ताठा थोडा उतरावा म्हणून पुन्हा मंद आचेवर बसत. प्रत्येक घाण्याबरोबर त्याच पोलादाचा एक बोटभर तुकडा आत जाई. त्याला म्हणत साक्षीदार. हुकांबरोबर तो तापे, हुकांबरोबर बुडे, जे जे हुकांनी सोसलं ते ते सोसे. शेवटी हूक जगाची ओझी उचलायला निघून जात, आणि साक्षीदार येई पंचांच्या घणाखाली.

पोलाद बाहेरून अखंड दिसतं, पण आत सगळा दाण्यांचा कारभार असतो. नेमकी आच लागली, तर जुने दाणे विरून नवे बारीक दाणे धरतात. आच जास्त झाली किंवा फार वेळ राहिली, की मोठे दाणे धाकट्यांना गिळत सुटतात आणि रवा जाड होतो. मोडलं तर आत मिठाच्या खड्यांसारखा चकाकतो. वाईट एवढंच, की जाड रव्याचा हूक दिसायला तसाच असतो, कानस घासून पाहिली तरी तसाच टणक लागतो. पण एखाद्या गारठ्याच्या सकाळी जरा हिसका बसला की तट्कन तुटतो, आणि खाली कोण उभं आहे याची चौकशी करत नाही. म्हणून पंच. मोडलेल्या तोंडाकडे बघून ते एक शब्द बोलत. बारीक, नाहीतर जाड. मग अर्धा तुकडा खिडकीतून परत भट्टीकडे जाई, म्हणजे ज्याने तापवलं त्याने आपल्या डोळ्यांनी बघावं. पंचांच्या शब्दावर अपील नव्हतं.

या धंद्याने माणूस जरा वेडा होतो. कुणाच्या घरी कपबशी फुटली की सगळे चरकत, हे मात्र खाली वाकून कडा बघत. "भाजणी चांगली होती," म्हणत. थोरला भाऊ गेल्यावर ते वहिनीच्या घराच्या वरच्या खोलीत राहत. वहिनी खालून ओरडायची, "भाऊजी, लोखंडालाच कुंकू लावलं असतंत, तर निदान घरात दोन माणसं दिसली असती." लग्न राहून गेलं होतं. का राहिलं, हे विचारणारेही आता राहिले नव्हते.

आणि खिडकीपलीकडे मावशी.

मावशीबद्दल सांगावं तेवढं थोडं, आणि त्यातलं अर्धं लोकांनी जोडलेलं. म्हणत, भट्टीचा काटा बिघडला की मावशीचा गाल दारापाशी न्यायचा आणि गाल सांगेल त्यावर काटा लावून घ्यायचा. म्हणत, एकदा तिला ताप भरला म्हणून थर्मामीटर लावलं, तर पारा घाबरून खालीच बसला. नवरा तरुणपणीच गेला. मुलगा तिने याच भट्टीच्या उबेवर वाढवला, शिकवला, लांबच्या शहरात पाठवला. सगळा कारखाना तिला मावशी म्हणे. पंच तेवढे बाई म्हणत. मावशीच्या घाण्याला पंचांनी कधी जाड म्हटलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.

विश्वास बसायचा नाही, पण या दोघांनी एकमेकांना त्या खिडकीबाहेर धड पाहिलं नव्हतं. भट्टीवाले मागच्या फाटकाने भल्या सकाळी येत आणि दुपारी जात. तपासणीवाले पुढच्या फाटकाने उशिरा येत आणि संध्याकाळी जात. कारखान्यात काही समारंभ असला तर मावशी म्हणायची, "भट्टी काय तुमच्या भाषणाने गरम राहणार?" त्यामुळे पंचांना मावशी ठाऊक होती ती कपाळावरच्या रुमालापासून हनुवटीपर्यंत. चौकटीत बसवलेली. पण बोलणं रोजचं. खोकला गेला का, मुलाचा फोन आला का, वहिनी आज काय बोलली. दिवसाकाठी माणसाशी म्हणून जे बोलणं व्हायचं, ते त्यांचं तेवढंच. खोलीवर गेल्यावर ते कधीकधी दुसऱ्या दिवशी सांगायचं वाक्य जुळवून ठेवत.

आता उद्या त्या चौकटीत दुसरं तोंड येणार होतं.

"अहो पंच! जीव टांगणीला लावू नका. बारीक ना?"

पंचांनी तोंड उघडलं ते बारीक म्हणायलाच. जीभ मात्र भलतीकडे वळली.

"जाड," ते म्हणाले.

पलीकडे भट्टीचा पंखा तेवढा घुमत राहिला.

"पुन्हा म्हणा."

"रवा जाड आहे, बाई. घाणा परत घ्यावा लागेल."

घाणा परत घ्यायचा म्हणजे हूक पुन्हा तापवायचे, वाऱ्यावर निववायचे, पुन्हा तापवायचे, बुडवायचे. सगळा दिवस जायचा. आणि ज्याचा घाणा त्यानेच निस्तरायचा, ही तिथली रीत. मावशीला आणखी एक दिवस राहणं भाग होतं.

खिडकीतून हात पुढे आला. तळवा वर.

"माझं अर्धं द्या."

लबाडी करायची सवय नसली की असं होतं. माणूस पहिलं पाऊल टाकतो आणि दुसऱ्याचा विचारच केलेला नसतो. पंचांच्या फळीवर तेलाच्या बरणीत काही जुने जाड रव्याचे तुकडे होते, नव्या लोकांना दाखवायला. त्यांनी पाठ वळवली, त्यातला एक अर्धा काढला, विजारीला पुसला आणि त्या तळव्यावर ठेवला. खरा तुकडा खिशात गेला.

मावशीने तुकडा फिरवून पाहिला. मग नाकाशी नेला. भट्टीच्या तेलाला जळका वास असतो, बरणीतल्या तेलाला शिवणयंत्रासारखा. हे पंचांना तुकडा हातातून सुटल्यावर आठवलं. त्यांनी लगबगीने घणाच्या खुंट्याला तेल घालायला घेतलं. खुंटा आधीच ओलाचिंब होता.

तुकडा मुठीत मिटून मावशी म्हणाली, "बरं. जाड तर जाड. मुलाला सांगते, उद्या ये म्हणावं."

बातमी भट्टीच्या धुरापेक्षा लवकर पसरली. मुकादम धावत भट्टीपाशी आला. त्याचा आवाज खिडकीतून पंचांना अक्षरन् अक्षर ऐकू येत होता.

"मावशी, तुमचा घाणा आणि जाड? मला वाटलं कुणी थट्टा करतंय!"

"थट्टा कसली? पंचांनी सांगितलं."

"मग प्रश्नच मिटला. पण झालं कसं? लेकाच्या ओढीने आच वाढवलीत की काय?"

"वाढली असेल," मावशी म्हणाली. "वय झालं. गाल निबर झाला."

पंचांनी खिशातला तुकडा मुठीत आवळला. बारीक रव्याची कड चांगलीच धारदार असते. संध्याकाळी वहिनीने विचारलं, "भाऊजी, हाताला काय झालं?" तर म्हणाले, "काही नाही, मोडत होतो." वहिनी म्हणाली, "आता स्वतःलाच मोडायला लागलात? छान." आणि टीव्हीचा आवाज वाढवला. पंच वर गेले, पलंगावर बसले आणि उद्या खिडकीत काय काय बोलायचं ते जुळवू लागले. पुष्कळ होतं. सगळं आयुष्य जमवून ठेवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते एक गोष्ट नव्याने शिकले. चोरलेला दिवस तोंडात घातला की घशाखाली उतरत नाही. मावशी खिडकीत आली की त्यांची वाक्यं पाखरांसारखी उडून जात.

"बोला की. आज गप्पसे?"

"काही नाही."

"काल तर बरंच बोललात. एकाच शब्दात."

पंचांनी चष्मा पुसला.

"पोलादाचं बरं असतं, नाही?" मावशी म्हणाली. तिच्या गालावर भट्टीचा उजेड हलत होता. "बिघडलं, तर पुन्हा तापवा, निववा, पुन्हा तापवा. मागचं सगळं विसरतं आणि नवा रवा धरतं."

"सगळंच नाही विसरत. फारच आच लागली तर दाण्यांच्या कडा जळतात. मग कितीही तापवा, जुळत नाहीत."

"ते जळलेलं झालं. मी नुसत्या तापलेल्याचं बोलतेय."

दुपार कलायला लागल्यावर त्यांनी विचारलं, "तिथे गेल्यावर काय करणार?"

"नातीमागे धावणार. सूनबाईची भट्टी विजेची आहे म्हणे. दार उघडलं की आपली आपण विझते. अशा भट्टीपाशी उभं राहून माणसाने करायचं काय? तिला माझी गरजच नाही."

"आणि बोलणार कुणाशी?"

मावशीने रुमालाने कपाळ पुसलं. "तुम्ही कुणाशी बोलणार?"

"मी काय. मी मोडत बसेन."

"हं," मावशी म्हणाली आणि चौकट रिकामी झाली.

साक्षीदार आला तेव्हा उन्हं तिरपी झाली होती. पंचांनी तो मोडला. तोच रंग, तीच मखमल. पुन्हा जाड म्हणता आलं असतं. जीभ तेवढी धीट झालीही होती. पण हूक किती वेळा जाळायचे, आणि त्या बाईने किती वेळा मान खाली घालायची?

"बारीक," ते म्हणाले आणि खरा तुकडा पुढे केला.

मावशीने तो नाकाशी नेला.

"हा मात्र माझा," ती म्हणाली.

निरोपासाठी सगळे पुढच्या अंगणात जमले. भट्टी नव्या माणसाच्या हाती गेली होती, त्यामुळे मावशीला सबब उरली नव्हती. ती भिंतीला वळसा घालून आली, आणि पंच बघतच राहिले. मावशी त्यांच्या सदऱ्याच्या खिशापर्यंतच पोचत होती.

"बाई! तुम्ही एवढ्याशा?"

"मग काय वाटलं होतं?"

"खिडकीत तर माझ्या डोळ्याला डोळा भिडायचा."

"तुम्ही वाकून बघायचात. ओंडका ठेवला होता मी, उभं राहायला." आणि मान वर करून त्यांना नीट न्याहाळत म्हणाली, "तुम्ही मात्र उगाचच लांबलात."

कारखान्याने मावशीला प्रवासाची मोठी बॅग भेट दिली. निरोपाला बॅग दिली, म्हणजे 'जा' असं तोंडाने म्हणावंही लागत नाही. मुकादमाने भाषण केलं. मावशीच्या गालाचं झालं, थर्मामीटरचं झालं, पारा या खेपेला नळीतून उडी मारून पळाला. शेवटी तो म्हणाला, "एवढी वर्षं बारीक बारीक करून मावशीने जाता जाता एकदाचा जाड काढला! म्हणजे मावशीही माणूसच निघाली, आम्हालाही जरा धीर आला!"

अंगण हसलं. मावशीही हसली. मुलगा बॅगेशी उभा होता, तोही हसला आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चालायचंच, आई. आता विश्रांती घे."

तो खांद्यावरचा हात पंचांना सोसला नाही. ते पुढे आले.

"जाड नव्हता," ते म्हणाले. "काल मी खोटं बोललो. रवा बारीकच होता. बाईंचा रवा कधीच जाड नव्हता."

पंचांना वाटलं, आता विचारतील, का बोललात खोटं? आणि सगळ्यांसमोर ते सांगावं लागेल. कान तापले. पण सांगायची तयारी होती. आयुष्यात पहिल्यांदा पुरती तयारी होती.

मुकादमाचे डोळे पाणावले.

"बघा," तो म्हणाला, "याला म्हणतात मोठं मन! ज्या माणसाने उभ्या जन्मात खोटा शब्द काढला नाही, तो आज मावशीची शान राखायला आमच्यासमोर खोटं बोलतोय!"

आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"अहो, खोटं काल बोललो, आज नाही!" पंच ओरडले. त्यांनी खिशातून तुकडा काढला. "हा बघा! कालचा साक्षीदार!"

"आजचा असेल," कुणीतरी प्रेमाने म्हटलं. "बारीक तो आजचाच." आणि टाळ्या वाढल्या. कुणी पाठ थोपटली. इतक्या वर्षांचा खरेपणा गाठीला बांधलेला माणूस एकदा खोटं बोलला, तर ते खोटं उपटायला त्याचाच जोर पुरत नाही.

"बाई, तुम्ही तरी सांगा यांना," पंच म्हणाले.

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं. तिचा एक शब्द पुरला असता. वास कोणता, बरणी कोणती, सगळं तिला ठाऊक होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, आणि तो हसण्यावारी गेला असता, वर्षानुवर्षं.

"पंचांच्या शब्दावर अपील नसतं," ती म्हणाली. "जाड म्हणाले, म्हणजे जाड."

लोक पांगले. मुलगा बॅग घेऊन गाडीकडे गेला. मावशी पंचांजवळ उभी राहिली, मान वर करून. त्या अंतराची दोघांनाही सवय नव्हती.

"असं का केलंत?" पंच म्हणाले. "तुमचं नाव गेलं."

"नाव काय करायचंय मला तिथे? नातीला मी आजी." ती थांबली. "आणि आज मीही घाई केली नाही. मंद आचेवर ठेवलेले हूक दुपारीच निघाले असते. मी म्हटलं, राहू दे उन्हं उतरेपर्यंत."

"बाई..."

"आई, चल ना," मुलाने हाक दिली. "रस्ता लांबचा आहे."

"आले रे." तिने पंचांच्या फडकं बांधलेल्या हाताकडे पाहिलं. "त्याला पाणी लावू नका दोन दिवस." मग ती गेली. गाडीच्या दाराशी तिला वर चढायला मुलाने हात दिला. काचेआडून ती काहीतरी बोलली, पण इंजिन सुरू झालं होतं.

पंच आपल्या दाराकडे वळले नाहीत. भिंतीला वळसा घालून ते पलीकडे गेले. त्या बाजूला ते कधी आलेच नव्हते. नवा भट्टीवाला चांगला उंच, मिश्यांचा गडी होता. गुडघ्यात वाकून तो खिडकीतून पंचांच्या रिकाम्या खोलीत डोकावत होता.

"पंच तुम्हीच ना? ही खिडकी फार खाली आहे हो. मान जाईल माझी." त्याने पायाने काहीतरी बाजूला ढकललं. "आणि हे लाकूड सारखं पायात येतंय. टाकू का भट्टीत?"

"नको," पंच म्हणाले.

ओंडक्याच्या कडा काळवंडल्या होत्या. वर, मधोमध, शेजारी शेजारी दोन खळगे पडले होते. टाचांकडे खोल, पुढे उथळ, झिजून झिजून गुळगुळीत. पंचांनी एक बूट काढला आणि पाय त्यातल्या एका खळग्यात ठेवून पाहिला. निम्मं पाऊल बाहेरच राहिलं.

"साक्षीदार तयार आहे," नवा माणूस म्हणाला. "खिडकीतून देऊ, की इथेच घेता?"

"खिडकीतून द्या," पंच म्हणाले. "आलोच." आणि बूट हातात धरून ते तसेच एका पायावर उभे राहिले.